नाव काढणे

ग्वावच्या किनाऱ्यावर मी नावा रंगवतो
आणि नावांवर नावं.
अक्षराला चार डॉलर. समुद्राकडच्या बाजूचे पाच,
तिथे मीठ आधी खातं.
बायको सोडून गेल्यावर
तिचं नाव खरवडून द्यायचे वेगळे.

यंदा कमिटी आली.
मासळीबाजाराची लांब भिंत पांढरी करून घेतली,
म्हणाली, ज्यांनी गावाचं नाव काढलं
त्यांची नावं काढ.
यादीत टोरांटोचा एक न्यायाधीश,
न्यूयॉर्कच्या इस्पितळात हृदयं उघडणारी एक बाई,
आणि लीड्सचा कोणी ट्रॉम्बोनवाला,
ज्याचा फक्त आजोबा इथला,
तोही वादळात, होडीतच जन्मलेला.
त्याच्यावर दोन तास गेले.
मूळ किती खोल असलं म्हणजे मूळ?
तिसऱ्या पिढीपर्यंत धरा, मिस युडोरा म्हणाल्या,
त्यापुढे मोजलं तर भिंत पुरायची नाही
आणि किनारासुद्धा.

शेवटचं नाव कॅलिस्टा बार्थोलोम्यू.
एकोणीस अक्षरं. लांब नावं मला आवडतात.
बर्मिंगहॅमची पोर, चारशे मीटर, अडथळे,
दुसऱ्यांच्या झेंड्याखाली रुपेरी पदक.
त्या रात्री रमच्या दुकानात आम्ही टीव्हीवर असे ओरडलो
जशी ती आमच्याच चढावर चालायला शिकली होती.
इथे ती एकदाही आलेली नाही.

इथून गेली ती तिची आजी, इस्मे.
एकसष्ट साली, केळ्यांच्या बोटीने.
मागे चार वर्षांचा मुलगा, बहिणीच्या ओसरीवर.
तिकीट पाठवते म्हणाली.
दोन नाताळ पैसे आले, एकदा बूट आले, तेही लहान.
पुढे पत्र थांबलं.
काही वर्षं गाव तिला नावं ठेवत राहिलं,
मग गावाने तिचं नावच टाकलं.

तो मुलगा ऑस्बर्ट.
अजून जायफळाच्या कोठारात जातो,
टाकीतल्या पाण्यात फळं सोडून निवडतो.
जड ते तळाला बसतं, ते चांगलं.
हलकं वर तरंगतं, वाहत कडेला जातं.
पन्नास वर्षं हेच बघतोय,
त्यावर कधी काही बोललेला नाही.

मी बार्थोलोम्यूच्या ‘बा’पाशी होतो
तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.
हातांना जावित्रीचा वास.
मला वाटलं आता विचारेल,
माझं नाव का नाही,
मी तर कुठेच गेलो नाही.
मी उत्तर जुळवत होतो, ब्रश उगाच बुडवत होतो.

तो म्हणाला, डावा खांदा पाडून धावते पोर.
शेवटच्या वळणावर बघ कधी.
आई तशीच चालायची.

मी म्हटलं, चार वर्षांचा होतास तू,
तुला काय आठवणार.

मागून पाहिलंय, तो म्हणाला,
धक्क्यापर्यंत.

आणि गेला.
शिट्टी वाजली होती कोठाराची.

दुसऱ्या दिवशी मिस युडोरा चष्मा लावून आल्या.
कॅलिस्टात एक अक्षर जास्त झालंय,
खरवड, आणि त्याचे पैसे मागू नकोस.
खरवडलं.
आता तिच्या नावाच्या मधोमध एक फट आहे,
लांबून दिसत नाही.
मीठ शिरेल ते तिथूनच.

ऑस्बर्टची एक होडी आहे, चौदा फुटी,
रविवारी फक्त काढतो.
तीस वर्षांत तिला नाव दिलेलं नाही.
बंदरात माझ्या हातून सुटलेली
तेवढी एकच नाव.
मी कधी विचारलं नाही, त्यानेही नाही.

भिंतीतून उरलेला निळा
झाकण ठोकून ठेवलाय, वाळूत पुरून, गार राहावा म्हणून.
काल हलवून पाहिला.
पाच अक्षरांपुरता आहे.