एका कॉलमपुरते

टोलिडोच्या प्रिंटच्या दुकानात, बंद व्हायच्या जरा आधी,
मिसेस कोवाल्चिकनं काउंटरवर फोटो ठेवला:
ईरी सरोवर, होडी, तिरकं क्षितिज,
आणि स्टॅन्ली, हातभर मासा छातीशी आडवा धरून.

"पेपरला नुसता चेहरा लागतो. एक कॉलम."

स्कॅन करून मी चौकट ओढली.
आधी गेलं पाणी, मग कुणाचं तरी कोपर,
बिअरचा कॅन,
मग मासा.
उरले स्टॅन्ली, टोपीपासून कॉलरपर्यंत,
आणि ते हसणं.
कशाला हसतायत, कळेना.

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.
"असा उगीच नाही हसायचा तो."

चर्चच्या कार्डासाठी क्षितिज सरळ केलं
तर होडी वाकडी झाली.
राहू दे, म्हणाल्या, त्या दिवशी लाटा होत्या.

शेवटी पेपरची चौकट खाली सरकवली.
टोपी गेली, थोडं कपाळही,
आणि खालच्या कोपऱ्यात आलं
माशाचं नुसतं तोंड, उघडं,
काहीतरी सांगायच्या बेतात.

"किती झाले?"
कापलेल्याचे घेत नाही आम्ही, मी म्हटलं.
छापलेल्याचे तेवढे द्या.