खाटा किती

नाव विचारलं, सांगितलं शीतल.
खिडकीतला कारकून मान खाली ठेवूनच म्हणाला,
मुलींचे अर्ज पलीकडं.
मग मान वर केली. मिशी बघितली. हसला.
मीही हसलो. चौतीस वर्षं हसतोय.
आमच्या रुकडीत एका गल्लीत तीन शीतल आहेत,
तिघांनाही मिशा.

शिरोलीच्या फौंड्रीत चौदा वर्षं भट्टीवर.
रस झाला का, ते मीटरच्या आधी मला कळायचं,
पिवळ्यात पांढरा कुठं शिरतो ते.
चौदाशे म्हटलं की चौदाशे.
दहाचा फरक निघाला तर सगळ्या शिफ्टला वडा माझ्याकडनं.
दोनदाच द्यावा लागला.

दिवाळीच्या तोंडावर लेडल कलंडलं.
थेंबच होते. दस्तगीरच्या बुटात गेले.
अकरा रात्री मी सीपीआरमध्ये त्याच्या उशाशी,
त्याचं दुसरं कुणी नव्हतं म्हणून,
आणि भट्टीपुढं जायला पाय उचलेना म्हणूनही.
मगदूम नावाचा ब्रदर होता रात्रपाळीला.
पट्टी भिजवायचा, थांबायचा, पुन्हा भिजवायचा,
जशी काय रात्र ह्या एका पायासाठीच उजाडायची थांबली आहे,
आणि वॉर्डात माणसं चाळीस.
सातव्या रात्री म्हणाला, या, धरा जरा. आधी हात धुवा.
धुतले.
म्हणाला, असे नाही.
हात धुता येतात असं मला वाटत होतं.

घरी सांगितलं तेव्हा त्रिशला पिको करत होती.
मशीन थांबवली नाही तिनं.
फी किती, एवढंच विचारलं. आणि वर्षं किती.
आप्पा म्हणाले, बाप्याचं काम हाय व्हय ते?
गेल्या साली तुमची लघवीची नळी कोण बदलायचं
हे मी बोललो नाही.
त्यांनाच आठवलं असावं,
चहा तसाच ठेवून उठले.

एएनएम फक्त बायकांना.
बीएस्सीला सायन्स पाहिजे, माझं आर्ट्स,
इंग्रजीत बावन्न, तेही तेव्हा पेढे वाटले होते.
मेहुणा म्हणाला, बायोलॉजी दे परत, चार वर्षं कर, साहेब होशील.
राहिलं जीएनएम. तीन वर्षं. पस्तिशीच्या आत.
माझी पस्तिशी मार्गशीर्षात.

पहिलं कॉलेज हायवेला, सगळं काचेचं.
कपबशीतनं चहा आला.
सर म्हणाले, नोकरी सोडू नका तुम्ही,
हजेरीचं आम्ही बघतो.
मी विचारलं, खाटा किती?
म्हणजे?
म्हणजे दवाखान्यात. पेशंटच्या.
टायअप आहे आपलं, म्हणाले,
आणि प्रॅक्टिकलची खोली दाखवली.
रबरी पेशंट पलंगावर झोपलेला,
छातीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
भट्टी कधी न पेटलेल्या कारखान्यासारखा वास.

हे दुसरं, शाहूपुरीच्या मागं.
जिना अंधारा, कठड्याला वाळत घातलेले ॲप्रन.
कारकुनानं मला वर पाठवलं, बघून या म्हणाला,
मग अर्ज घ्या, फाडलेला परत घेत नाही.
इथला रबरी माणूस म्हातारा दिसत होता.
डावा हात सुयांनी चाळण झालेला,
कोपरावर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक,
पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधलेली: तात्या.
मी सवयीनं कपाळाला हात लावला.
थंड. असणारच.

एकोणीस-वीसची एक पोरगी आली,
हातात नळी, वाटीत पाणी.
माझ्याकडं बघितलं, वर्गातला म्हणून नव्हे,
कुणाचा तरी बाप म्हणून.
काका, जरा बाजूला व्हा,
तात्यांचं जेवण राहिलंय.

मी बाजूला झालो.
पायात चप्पल तशीच होती,
ती दाराबाहेर काढून आलो.