दुसरी डिस्क

रात्री पावणेदोनला कारखान्यात तीनच आवाज उरतात:
एसीचा, वॉचमन यल्लप्पाच्या रेडिओचा
आणि रॅकमधल्या पंख्यांचा, जो मला आता ऐकूच येत नाही.
अक्कलकोट रोडवरच्या या खोलीत पूर्वी सूत ठेवायचे.
भिंतींना अजून कांजीचा वास आहे.

लोखंडी पेटी एक, आत यंत्रं अकरा.
म्हणजे यंत्रं नाहीतच, यंत्र असल्याचा हिशेब.
एक पगाराचं, एक रंगखात्याचं, एक परदेशी ऑर्डरींचं,
एक असं की ते कशाला आहे हे सांगणारा माणूस
पुण्याला निघून गेला
आणि बंद करायची कुणाची छाती होत नाही.

रोज रात्री मी त्यांना क्षणभर थिजवते,
त्या क्षणाची प्रत काढून वर पाठवते.
पहिली पूर्ण प्रत जायला नऊ दिवस लागले.
मध्ये ड्रेनेजवाल्यांनी दोनदा केबल तोडली.
आता फक्त फरक जातो,
कालच्याहून आज जेवढं बदललं तेवढाच.

वरच्या त्या जागेला क्लाउड म्हणतात
आणि क्लाउडमध्ये ज्यात ठेवायचं तिला बकेट.
नान्नांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले.
आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं.
पिंप, हंडे, कुकरसुद्धा भरून ठेवणाऱ्या घराला
साठवण शिकवायला नको.
"भोक नाही ना बादलीला, ते बघितलंस?"
मी म्हटलं, हिरवी टिक येते की रोज.

सहा महिने आली.

मेमधल्या एका गुरुवारी, त्रेचाळीस डिग्रीत,
पगाराचं यंत्र पडलं ते उठलंच नाही.
प्रत खाली उतरवली. उठलं.
नाव सांगितलं, घड्याळ लावून घेतलं,
आणि डी ड्राइव्ह विचारला तर गप्प.

दुसरी डिस्क दिवाळीत जोडलेली.
यादीत तिच्यापुढे खूण करायची राहिली होती.
मीच जोडलेली.
टिक खोटं बोलली नव्हती,
सांगितलं तेवढं तिनं इमानानं नेलं होतं.

घरी बारा वाजून गेलेले. नान्ना जागे.
"उंदरांनी मोराची सात कार्डं खाल्ली होती," ते म्हणाले,
"तू झाली नव्हतीस तेव्हा.
मालकाला सांगितलं नाही.
तुझ्या अम्माच्या अंगावरची चादर ओढून आणली,
उलटी पसरली, भिंगाखाली धागा धागा मोजला
आणि भोकं पुन्हा पाडली.
तीन रात्री तिला पांघरूण नव्हतं.
एक धागा चुकलाच.
नंतरच्या सगळ्या मोरांची मान जरा डावीकडं."
एवढं बोलून ते झोपले.

शुक्रवारी पाळी सुटताना मी गेटवर टोपली घेऊन उभी राहिले.
गुलाबी चिठ्ठ्या मागितल्या, कुणी किती डझन काढले त्याच्या.
खिशांतून आल्या, टिफिनच्या झाकणातून आल्या,
घामानं विरघळलेल्या, तंबाखूच्या वासाच्या,
एकीच्या पाठीवर पोराची वजाबाकी.
फिनिशिंगच्या बालमणी गज्जेलींनी तर
दोन वर्षांचा गठ्ठा आणला, रबर लावलेला.
"मला वाचता येत न्हाई ना," त्या म्हणाल्या,
"म्हणून ठेवते."

दोनशे बारा माणसं. शनिवारी साडेचारला पगार झाला.
अकरा रुपयांचा फरक राहिला,
कुणाचा ते शेवटपर्यंत सापडलं नाही.
ते माझ्या पाकिटात वेगळे आहेत.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी
एकेक यंत्र वरून खाली आणते,
बाजूला उभं करते, सगळे ड्राइव्ह उघडते
आणि एक तरी ओळ मोठ्यानं वाचते:
गज्जेली बालमणी, चिठ्ठी चारशे सहा, सोळा डझन.
मग पुसून टाकते.

त्या बिननावाच्या यंत्रातही परवा उतरले.
एकच फाइल होती,
दोन हजार अकराच्या पाणी सुटण्याच्या वेळा,
पेठवार.
तीही रोज वर जाते.
खूण मी काढलेली नाही.