जोड

पलूसच्या मैदानात डाव्या गुडघ्यातली दोरी तुटली,
मिरजेत ऑपरेशन झालं,
आणि तीन महिने कॉटवर पडून मी
भाच्याच्या गेममध्ये तलवार फिरवायला शिकलो.

पहिल्या गावाच्या वेशीबाहेर एक लांडगा होता.
त्यानं मला सात वेळा खाल्लं.
आठव्यांदा मी त्याला पाडला
आणि कॉटवरच शड्डू ठोकला, चांगल्या मांडीवर.
आई आतून ओरडली, काय पडलं?

मग डोंगर, दलदल, राक्षसांच्या गुहा.
लेव्हल दोनची एकतीस झाली.
एकदा सहज वेशीकडे वळलो,
म्हटलं, जुन्या वैऱ्याला बघून येऊ.
लांडगा तिथंच होता.
त्याला पाडायला तेवढेच घाव लागले
जेवढे तेव्हा लागले होते.

पुलावरचा वाटमाऱ्या तेव्हा फाटक्या बंडीत होता,
आता अंगात अख्ख्या पेठेच्या किमतीचं चिलखत,
आणि मागतो किती? वीस नाणी.
अरे, त्यातली एक बाही वीक. घर बांध.

अभिराज म्हणाला, "मामा, असंच असतं.
तू वाढलास की सगळे वाढतात.
नाहीतर पुढं मजा काय राहणार?"
तो चौदाचा. बोलतो मात्र
हळदीच्या सौद्यातल्या दलालासारखा, खांदे उडवून.

हे मला आधी एकदा कुणीतरी सांगितलं होतं,
तोंडानं नाही.
मुजावर वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून जोडी लावायचे.
मी सादिकला पाडला की दुसऱ्या सकाळी समोर रावसाहेब,
रावसाहेबाला जड जायला लागलो की
कुंडलहून बोलावलेला कुणी नव्वद किलोचा,
मानेचा पत्ताच नसलेला.
चार वर्षं रोज तेवढीच माती तोंडात गेली.
तेवढीच. मापून दिल्यासारखी.
मला वाटायचं मी आहे तिथंच आहे,
फक्त लंगोट जुना होतोय.

मग एका जत्रेत, पाचशे रुपयांच्या कुस्तीला,
लांबच्या गावचा एकजण आला.
त्याची माझी जोड कुणी जोखलेली नव्हती.
भोंग्यावर नाव पुकारून होईतो
तो पाठीवर पडून आभाळ बघत होता.
लोक काय ओरडले आठवत नाही.
मी वस्तादांकडे बघत होतो.
ते खाली मान घालून तंबाखू मळत होते,
अंगठा तेवढा तळहातावर थांबलेला.

परवा अभिराजनं कुठूनसं काही उतरवून घेतलं,
दोन बटणं दाबली.
"जा आता. आता ते वाढणार नाहीत."
गेलो.
लांडगा धावत आला, त्याच आवेशात,
त्याला कोण सांगणार.
एका घावात आडवा.
दुसराही. तिसऱ्याला हात जरा संथ झाला.
चौथा आला तेव्हा तलवार म्यानात टाकून नुसता उभा राहिलो.
तो पोटरीला चावत राहिला, जीव लावून,
आणि माझ्या आयुष्याची लाल पट्टी
केसभरही हलेना.

तिकडं चौगुले मॅडम गुडघ्याला रबर बांधतात.
आधी पिवळं, मग लाल.
हिरवं ओढायला जमलं त्याच दिवशी निळं आलं.
म्हटलं, मॅडम, दुखतंय अजून तेवढंच.
"दुखणारच," म्हणाल्या, "रबर बदललंय ना."

आमचा जिना मात्र अकरा पायऱ्यांचा.
मी कितव्या लेव्हलला आहे हे त्याला माहीत नाही.
मैदानाच्या आधी दोन-दोन गाळून चढायचो,
ऑपरेशननंतर बुडावर बसून, लहान पोरासारखा.
काल कठडा न धरता सातवीपर्यंत गेलो.
मग बसलो.

खालून अभिराज विचारतो,
"मामा, सेटिंग परत पहिल्यासारखं करू का?"
थांब, म्हटलं.
जरा दम घेऊ दे.