उंबराच्या जागी

वाईच्या स्टँडमागे, भेळेच्या दुकानावरच्या खोलीत
रविवारी बैठक झाली.
विषय एकच: म्हातारीच्या दातावर बोल्ट मारायचा की नाही.
एकच बोल्ट. अंगठ्याएवढा.
ड्रिलची बॅटरी कोपऱ्यात चार्जिंगला लावून ठेवलेली,
म्हणजे काहींचं आधीच ठरलेलं.

हणमंत पिसाळ पहिले बोलले, बसूनच,
गुडघे आता उठू देत नाहीत.
"ब्याऐंशी साली गेलो आम्ही. मेख नाही, खिळा नाही,
कातळाला एक भोक पाडलं नाही.
ज्याला तसं जमत नाही त्यानं खालून बघावा.
खालून पण बराच दिसतो."
पोरं हसली. तेजल जमदाडे हसली नाही.

तिच्या डाव्या मनगटात सळई आहे.
गेल्या माघात तिथूनच सुटली ती,
पहिला नट उपसून आला, दुसरा उपसून आला,
तिसऱ्यानं धरलं.
म्हणाली, "काका, धाडस तुमचं, कबूल.
पण त्याचं भाडं आम्ही किती वर्षं भरायचं?"

मग एकच गलका.
एक मारलात की दहा मारतील, मग शिडी,
मग रेलिंग, मग वर वडापावची गाडी!
आणि किल्ल्यावरच्या खोबण्या? त्या काय पावसानं पडल्या?
पाथरवटानं छिन्नी मारली की इतिहास,
आम्ही मारली की पाप?
वासोळ्याचा बाबू ढेबे दाराशी उकिडवा बसला होता.
त्याचा आजा आग्या मोहोळासाठी
त्याच कड्यावरून वेलाच्या दोरानं उतरायचा.
कुणीतरी विचारलं, बाबू, तुझं काय?
"तुमी पडला की झोळीत घालून आमीच आणतो खाली.
बाकी तुमचं तुमी बघा."

मी गप्प.
ब्याऐंशी साली त्या दोराचं दुसरं टोक
माझ्या कमरेला होतं.

तिथं, जिथं तेजल सुटली तिथं,
चिरेतून एक उंबर बाहेर आलेला.
झाड कसलं, मूळच ते, मनगटाएवढं.
हणमंतानं त्याला दोराची फेरी मारली,
लोंबकळला, तळवे पँटला पुसले,
खाली माझ्याकडं बघून म्हणाला,
"हे कुठं बोलायचं नाही बरं का,"
आणि हसला. तेव्हा त्याचे सगळे दात होते.
नाही बोललो. सत्कारात नाही,
त्याच्या नावाची वाट झाली तेव्हा नाही,
उंबर एका वणव्यात गेला तेव्हाही नाही.
आता चिरेत नुसती काळी मुळी आहे, बोटानं चुरते.
आणि पोरं वर जाऊन शोधतात
आम्ही काय धरलं असेल.

हात वर करायची वेळ आली.
हणमंता भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता,
पण मांडीवर त्याची बोटं
नसलेल्या दोराला गाठ मारत होती.

"एक उंबर होता," मी म्हणालो.
माझाच आवाज मला परका वाटला.
"केवढा?" तेजलनं विचारलं.
मी मनगट पुढं केलं.

पंखा फिरत राहिला. खाली कुणीतरी
कांदा वाढवून मागत होतं.
मग हणमंता बोलला, माझ्याकडं न बघता,
"होता. पण मी लावला नव्हता.
कड्यानं दिला, मी घेतला.
बोल्ट कुठला कडा देतो?"

तेजलच्या तोंडाशी काहीतरी आलं, राहिलं.
दाराशी बाबू उठला, टोपी झटकली.
"कड्यानं न्हाई. पाखरानं.
पाखरू हागलं चिरेत, उंबर आला."
आणि जीप गाठायला जिना उतरून गेला.

बैठक पुढच्या रविवारवर गेली.
चपला शोधता शोधता मी कोपऱ्यात पाहिलं:
चार्जरचा दिवा अजून तांबडाच.
हणमंताला मी जिन्यात हात दिला.
त्यानं तो घेतला नाही,
कठडा धरून उतरला, एकेक पायरी,
हातानं आधी चाचपून, मग पाय.