तीस वर्षांचे रोखे

डुलुथच्या नगरभवनात, मंगळवारी संध्याकाळी,
सुनावणीला आम्ही सातजण,
त्यातला एक नुसता उबेला आलेला.

पडद्यावर माझा तक्ता :
शिशाचे नळ, चौदा मैल,
तीस वर्षांचे रोखे, व्याज सव्वाचार टक्के.

व्हर्ना लिंडक्विस्ट उठल्या, काठी टेकत.
"मी एक्क्याऐंशीची. शेवटचा हप्ता फिटेल
तेव्हा मी कुठे, ते या तक्त्यात नाही."

मी घसा खाकरला.

"परवा आमच्या गल्लीत खणलं
तर जुना लाकडी नळ निघाला,
आत अजून ओल.
त्याचे पैसे कुणी भरले,
एकाचंही नाव मला ठाऊक नाही.
पाणी मात्र लहानपणभर प्यायले."

खाली बसता बसता म्हणाल्या,
"तरी सव्वाचार जास्तच होतात.
चार म्हणून बघा."

उबेला आलेल्यानं मान डोलावली.