बदली

महिन्याच्या सात तारखेला म्याकल येतात,
साखर पेठेतल्या आमच्या शाखेत, जेवणाच्या सुट्टीआधी.
पेन्शन अकराशे आणि वर काही रुपये.
स्लिपच्या मागं पेन्सिलीनं लिहून आणतात
यंदा काय हवं: दहाची, आत एल अक्षर, सही जुनी.
काचेखालून सरकवतात, औषधाची चिठ्ठी द्यावी तशी.

मला वाटायचं, नोट ती नोट.
"चादर बगतो तशी बगायची ओ मॅडम, उजेडाला धरून."
चाळीस वर्षं मागावर तुटका धागा शोधला त्यांनी.
तिथं खोट सापडली की मजुरी कापायचे,
इथं सापडली की भाव चढतो.
सांगून हसतात, पण थोडंच.

त्यांच्या वहीत एकोणसत्तर सालची एक आहे,
शताब्दीची, दोन रुपयांची. पहिल्या पगारातली.
पुण्याचा व्यापारी म्हणाला, मधे घडी नसती तर बोललो असतो.
घडी आईनं घातलेली, कनवटीला लावताना.
तेवढी दाखवून वही मिटतात.

खरा जीव चांदणीच्या नोटेवर.
छापताना एखादी बिघडली, तर तिच्या जागी जी घालतात
तिच्या नंबरात एक बारीक चांदणी असते.
हे कळलं त्या दिवशी ते इतक्या मोठ्यानं म्हणाले,
"म्हणजे बदली कामगार!"
की रांगेतल्या विडीवाल्या बायका वळून बघायला लागल्या.

अकरा वर्षं मिलच्या फाटकाशी,
भोंगा होईपर्यंत, कुणीतरी आज येऊ नये म्हणून उभं.
कुणाचं वाईट चिंतायचं नव्हतं,
पण डबा बांधून आणलेला असायचा.
आत घेतलं की माग तोच, कापड तेच;
हजेरीत नाव तेवढं मागच्या पानावर.

"हिला बाजारात कुणी कमी देतं का? दहा म्हणजे दहा."

जूनमध्ये माझी ऑर्डर आली, बार्शी.
म्हटलं, म्याकल, माझी बदली झाली.
"कायम असतेत त्येंचीच होती ओ.
आमी तर आदीच बदली."
आणि पेन्सिल कानामागं खोवून
विचारलं, तिकडं नवं बंडल कधी फुटतं.

नव्या कॅशियरला सांगून आले आहे,
सात तारखेला एकजण येतील, चांदणी बाजूला ठेवा.
तो म्हणाला, मॅडम, मशीन मोजतं हल्ली,
मशीन काही थांबत नाही.

बार्शीत मी पहिलं बंडल हातानं मोजलं.
नव्वदीच्या पुढं एक निघाली.
पर्समधल्या दहाच्या बदल्यात घेतली,
अजून टपालात टाकलेली नाही.